शिखर सरकलं, पठार जागच्या जागी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हायड्रोजन साठवण्यासाठी मी मॅग्नेशियम हायड्राइड (मॅग्नेशियम आणि हायड्रोजनचं संयुग) घेतलं ते एका आकड्यावर भाळून. वजनाच्या 7.6 टक्के हायड्रोजन! तो बाहेर काढायला किती तापवावं लागतं, ते नंतर कळलं. 1 बार दाबाला समतोल यायलाच, म्हणजे हायड्रोजन सुटणं आणि शोषला जाणं बरोबरीत यायलाच, सुमारे 280 अंश सेल्सिअस लागतात, आणि न दळलेली पूड 400 च्या आसपास जाईपर्यंत ढिम्म हलत नाही.

उपाय ठरला निकेल मिसळण्याचा. वितळवून मिश्रधातू करायचा बेत पहिल्याच दिवशी बारगळला. निकेल वितळतं 1455 अंशांना, मॅग्नेशियम त्याच्या बरंच आधी, 1090 ला उकळतं. प्रमाण सांभाळणार कसं? म्हणून बॉल मिल: फिरत्या भांड्यात जड गोळ्यांनी आपटून पूड दळायची.

पहिला घाणा उघडला तर पूड नाहीच. मऊ मॅग्नेशियम आपटून आपटून गोळ्यांना आणि भांड्याच्या भिंतीला चकचकीत थरासारखं चिकटलेलं. ग्लव्ह बॉक्सच्या, म्हणजे हवाबंद पेटीच्या, त्या जाड हातमोज्यांतून तासभर खरवडत बसले. पुढच्या वेळी धातूऐवजी थेट हायड्राइडच दळायला घेतलं. ते ठिसूळ असतं, छान बारीक होतं. पण झाकणाच्या रबरी कडीखाली पुडीचा एक कण अडकला होता आणि रात्रभर हवा आत जात राहिली. एक्स-रे आलेखात 43 अंशांच्या कोनाजवळ मॅग्नेशियम ऑक्साइडचं रुंद शिखर उभं. आठवडा पाण्यात.

तिसऱ्या खेपेला 5 टक्के निकेल घातलं. तापवताना उष्णता मोजणाऱ्या कॅलरीमीटरमध्ये हायड्रोजन सुटण्याचं शिखर शंभरेक अंशांनी खाली आलं, आणि मी लगेच मॅडमना आलेख पाठवला. उत्तर आलं, "छान. पठार बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. पठार म्हणजे ठरावीक तापमानाला हायड्रोजन सुटत असताना दाब जिथे स्थिर राहतो ती पातळी. 300 अंशांवर दाब मोजला, तर पठार 1.8 बारवर, म्हणजे शुद्ध हायड्राइडचं असतं तिथेच. एवढंसं निकेल फक्त वेग वाढवतं. बंध तुटायला मोलमागे लागणारे 75 किलोज्यूल तसेच राहतात. इतके दिवस मी 'लवकर सुटतो' आणि 'सहज सुटतो' यांत गल्लत करत होते. खरं तर ते पहिल्या महिन्यातच कळायला हवं होतं.

बंधच सैल करायचा तर निकेल मॅग्नेशियमच्या संयुगातच बसायला हवं: दोन मॅग्नेशियमला एक निकेल. रायली आणि विसवॉल यांनी हे 1968 मध्येच दाखवलेलं आहे. तसं केल्यावर पठार 3 बारच्या आसपास चढलं; मोलमागे ऊर्जा सुमारे 64 किलोज्यूल. हायड्राइडची पूड मात्र गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची निघाली, आणि हायड्रोजनची क्षमता 3.6 टक्क्यांवर आली. ज्या आकड्यावर भाळले होते, त्याच्या निम्म्याहून कमी!

प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर तो शंभर अंशांचा आलेख दिमाखात लावला होता. तो उचलून अकराव्या स्लाइडवर टाकला, पठाराच्या आलेखाशेजारी.