वाढलेल्या बांगड्यांचं राज्य : चंदीगडचं रॉक गार्डन

काचेची बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. वाढलेले तुकडे सुपलीत भरून केरात टाकले की विषय संपतो. चंदीगडच्या सेक्टर १ मध्ये मात्र अशाच तुकड्यांनी मानेपासून पावलापर्यंत मढवलेल्या बायका रांगेनं उभ्या आहेत. लांबून विणलेलं कापड वाटतं. हातभर अंतरावर गेलं की एकेक तुकडा वेगळा होतो, त्याचा बाक दिसतो, आणि ही कुणाच्या तरी मनगटावरची वस्तू आहे हे लक्षात येतं.

दिल्लीहून शताब्दीनं चंदीगड साधारण साडेतीन तासांवर आहे. स्टेशनापासून रॉक गार्डन आठेक किलोमीटर. एका बाजूला या शहराचा आराखडा आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स म्हणजे विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या बाजूला सुखना तलाव, मध्ये ही बाग. सकाळी फाटक उघडताच आत शिरावं. आतल्या वाटा अरुंद आहेत आणि दारं मुद्दाम बुटकी ठेवली आहेत, त्यामुळे मोठा माणूस वाकल्याशिवाय पुढे सरकत नाही. पुढे शाळेची सहल असली तर दहा मिनिटं खोळंबा ठरलेला. उन्हाळा टाळावा. ऑक्टोबर ते मार्च उत्तम, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं आणि बांगड्यांना चमकायला ऊन लागतं.

हे सगळं उभं करणारे नेकचंद सैनी १९२४ साली शकरगढ भागातल्या एका गावात जन्मले. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेलं. चंदीगडला त्यांना रोड इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली. नवं शहर वसवण्यासाठी जुनी खेडी उठवली गेली, आणि त्या घरांचा राडारोडा, फुटकी भांडी, मोडक्या सायकली ढिगांनी पडल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नेकचंदांनी नोकरीचे तास संपल्यावर हा माल आणि नदीपात्रातले दगड सायकलवरून राखीव जंगलात न्यायला सुरुवात केली. परवानगी कसलीच नव्हती. सत्तरच्या दशकात सरकारी लोकांना पत्ता लागला तेव्हा कित्येक एकरांवर चौक, ओढे आणि मूर्तींचे ताफे उभे होते. नियमानं हे पाडायला हवं होतं. त्याऐवजी १९७६ मध्ये बाग लोकांना खुली झाली, नेकचंदांना पगार आणि ५० मजूर मिळाले, शहरात भंगार गोळा करण्याची केंद्रं उघडली. १९८४ मध्ये पद्मश्री, २०१५ मध्ये निधन.

'पर्यावरण जनजागृती' हा हेतू त्यात कुठेच नव्हता. त्यांच्या लेखी ते देवदेवतांचं राज्य होतं. पण टाकाऊतून केलेल्या कलेचे जे नमुने हल्ली चौकाचौकांत दिसतात, त्यांच्या शेजारी हे ठेवून पाहिलं की फरक कळतो. इथं माल लपवलेला नाही. रंग फासून त्याचं मूळ रूप घालवलेलं नाही.

बागेचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात भिंती बघत चालावं, मूर्ती नंतर. एक भिंत डांबराच्या रिकाम्या पिंपांची आहे. रस्त्याच्या खात्यातल्या माणसाला पिंपांची वानवा नसणारच. एका भिंतीवर गोणपाटाची वीण स्पष्ट दिसते, गोणीत गोठलेल्या सिमेंटची ती आठवण. पुढे विजेच्या जुन्या फिटिंगमधले चिनी मातीचे फ्यूज आणि सॉकेट शेकड्यांनी बसवलेत, त्यापलीकडे वॉश बेसिन आणि संडासाची भांडीसुद्धा. भट्टीत जास्त भाजून काळ्यानिळ्या पडलेल्या खंगर विटा आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी कोपऱ्याकोपऱ्यांत आहे. कुठलाही गवंडी हे फेकून देईल, पण पाण्यापावसाला टिकण्यात खंगराचा हात कुणी धरणार नाही.

आता मूर्तींच्या पोटात काय आहे ते. सांगाडा बहुतेक सायकलचा. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहाती चिमटा, झाला पाय, हँडल म्हणजे शिंगं, सीट म्हणजे जनावराचं डोकं. त्यावर सळया आणि तार, त्यावर सिमेंट-वाळूचा माल, आणि शेवटच्या हाताला निव्वळ सिमेंट. हा शेवटचा थर ओला असतानाच बांगड्या, कपबशा, काच दाबून बसवायची. आपल्याकडे गच्चीवर फुटक्या फरशांच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करणारे कारागीर हेच करतात, फक्त ते आडव्या पृष्ठभागावर करतात. उभ्यावर तोच माल ओघळतो.

शाळेत किंवा सोसायटीत असं काही करायचं असेल तर तीन फुटी आकृतीपासून सुरुवात करावी. भंगारवाल्याकडून सायकलचा एक फोर्क आणि सहा मिलिमीटरची सळई आणायची. फोर्क सुलटाच धरून त्याचं वरचं टोक कमरेशी आणि दोन पाय खाली, अशी बांधणी करायची. वर कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती जाळी बांधणीच्या तारेनं आवळायची. जाळी सैल राहिली की गिलावा थापताना ती लचकते आणि आतून पोकळ आवाज येतो, मग तो भाग पहिल्या पावसाळ्यानंतर पापुद्र्यासारखा सुटतो. माल एकास तीन, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू. सिमेंट वाढवलं की मजबुती वाढते असा समज आहे, पण जास्त सिमेंटचा गिलावा आक्रसतो आणि केसासारख्या भेगा पडतात. वाळू चाळून घ्यावी आणि पाणी बेतानं घालावं. मूठ वळली तर गोळा राहिला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये.

पहिला थर जाळीत घुसेल असा दाबून दीड सेंटीमीटर, वर खरखरीत ओरखडे. दुसऱ्या दिवशी दुसरा थर. लोखंडावर कुठेही दोन सेंटीमीटरपेक्षा कमी माल राहू देऊ नये, विशेषतः बोटं, नाक आणि घोटे. निव्वळ सिमेंटचा थर तीन-चार मिलिमीटरचा आणि एका वेळी वीतभर भागावरच, कारण अर्ध्या तासात तो आवळतो. मग बांगडी दाबली तर चिकटत नाही, नुसती टेकते. प्रत्येक तुकडा निम्मा आत गेला पाहिजे. बोटानं दाबू नये, लाकडाच्या तुकड्यानं दाबावं. हातमोजे जाड हवेत आणि मुलांच्या हाती काच द्यायचीच नाही. त्यांच्याकडे कपबशांचे कडा घासलेले तुकडे द्यावेत. तासाभरानं ओल्या स्पंजनं पुसून घ्यावं. राहिलेला सिमेंटचा राप नंतर आम्लानं काढायचा मोह होतो, पण त्यानं बांगडीवरची सोनेरी नक्षी आधी जाते. नंतर ओलं गोणपाट गुंडाळून किमान सात दिवस पाणी मारायचं.

अशा आकृतीला अर्ध्या गोणीपेक्षा कमी सिमेंट लागतं आणि वजन साठ-सत्तर किलो सहज भरतं, म्हणून ती जागेवरच घडवावी. खरी अडचण बांगड्यांची. तुकडे चिकटून लावले तर एका चौरस फुटाला दहा-बारा डझन बांगड्या खपतात. कासाराकडे वाढलेला माल रोज थोडा साठतो, तेव्हा महिनाभर आधी डबा ठेवून द्यावा. नव्या बांगड्या आणून फोडणारेही पाहिलेत. मग उपद्व्याप कशासाठी?

बिघाडही समजून घ्यायला हवा. लोखंड गंजलं की फुगतं आणि वरचा गिलावा फोडतं. ही सुरुवात बहुतेकदा पायथ्याशी होते, जिथे माती आणि ओल पायाला टेकते. म्हणून आकृती जमिनीत रोवायची नाही, चार बोटं उंच आणि बाहेरच्या बाजूला उताराच्या ओट्यावर बसवायची. काचेचंही एक दुखणं आहे. सिमेंटच्या क्षाराशी आणि ओलीशी तिची हळूहळू प्रक्रिया होते, त्यातून फुगणारा चिकट पदार्थ तयार होतो आणि वर्षांनी भेगा दिसतात. वर लावलेल्या पातळ तुकड्यांना त्रास कमी, पण मालात काचेचा चुरा खडीसारखा मिसळू नये. शीतपेयाचे ॲल्युमिनियमचे डबे तर ओल्या सिमेंटमध्ये घालूच नयेत. क्षारात ते हायड्रोजन वायू सोडतात आणि गिलाव्याला फोड येतात. कच्च्या भाजणीची मातीची भांडी पाणी पितात आणि कडा झडतात. चिनी माती, खंगर आणि मळी या तिघांची मात्र तक्रार नसते.

आणि प्लास्टिक? त्याबद्दल आमचं मत थोडं कडवट आहे. बाटल्यांची झाडं, झाकणांची भित्तिचित्रं, समुद्रकिनाऱ्यावरचे जाळीचे मासे ज्यांच्या पोटात लोकांनी बाटल्या टाकायच्या, हे सगळं पहिल्या महिन्यात झकास दिसतं. उन्हात ठेवलेली बाटली ठिसूळ होते, तिचे कण सुटतात आणि मातीत किंवा पाण्यात जातात. म्हणजे जे दाखवायचं त्याचीच भर. मासा बनवायला हरकत नाही, पण तो कोण रिकामा करणार, आठवड्यातून किती वेळा आणि बाटल्या पुढे कुठे जाणार, हे ठरल्याशिवाय वेल्डिंगवाल्याला बोलवू नये. भरून वाहणारा मासा लोकांना एवढंच शिकवतो की इथं कचरा टाकलेला चालतो. प्लास्टिकचं काम करायचंच तर छताखाली आणि ठरावीक दिवसांपुरतं करावं, आणि उतरवण्याची तारीख उद्घाटनाच्या पत्रिकेवरच छापावी.

नेकचंदांनाही नाजूक माल छताखालीच ठेवावा लागला. शिंप्याच्या चिंध्यांच्या त्यांच्या बाहुल्या वेगळ्या दालनात आहेत, त्या चुकवू नयेत. दुसऱ्या टप्प्यातले धबधबे फोटोंसाठी गर्दी खेचतात, तिथे फार रेंगाळण्यासारखं नाही. तिसऱ्या टप्प्यात उंच कमानींना टांगलेले झोके आहेत आणि मोठी माणसंही ते सोडत नाहीत. निगा हा इथला जुनाच प्रश्न. नेकचंद परदेशी असताना १९९६ मध्ये बऱ्याच मूर्तींची मोडतोड झाली होती. २०२५ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला, तेव्हा चंदीगडकरांनी निषेध केला. भंगारातून उभ्या राहिलेल्या भिंतीचा पुन्हा राडारोडा झाला.

वाट एकाच दिशेनं पुढे जाते, मागं फिरायला जागा नाही. त्यामुळे बघायचं ते पहिल्या टप्प्यातच नीट बघून घ्यावं. रांगांतल्या जुन्या मूर्तींच्या घोट्यांकडे वाकून पाहावं. गिलावा सुटलेला असेल तिथे आत गंजलेला फोर्क दिसतो, आणि त्याच्या टोकाला चाकाचा आस बसायची ती खाच.