चिऊनं हट्ट केला नाही

आज येळवस झाली, म्हणजे वेळ अमावस्या, सगळं घर रानात जाऊन जेवतं तो आमच्याकडचा सण. साडेअकरा वाजलेत, झोप काही येत नाही.

सकाळी आत्यांसोबत, म्हणजे सासूबाईंसोबत, पिठाचे उंडे वळले, भज्जीला, म्हणजे भाज्या-डाळींच्या कालवणाला, फोडणी दिली, आंबील बिंदग्यात, लहान मडक्यात भरली. चिऊनं वेणी आत्यांकडूनच घालून घेतली. गाडीत बसताना मला म्हणाली, "आई, तुला सुट्टी नसतेच ना. तुझ्यासाठी भज्जी आणते." एवढंच. रडली नाही, ओढणी धरली नाही. गेल्या वर्षी गेटला मिठी मारून बसली होती, तू आल्याशिवाय जाणार नाही म्हणून. मला कामावर जायला उशीर झाला होता त्या दिवशी.

"लेकरू शहाणं झालं बघ," आत्या म्हणाल्या. मीही मान हलवली. पण गाडी वळली आणि काहीतरी लागलं आत.

कलेक्टरांची स्थानिक सुट्टी बँकेला लागू नसते. अख्खं लातूर शिवारात, गंजगोलाईच्या बाजारात शटर खाली, आणि मी रिकाम्या काउंटरला. दुपारपर्यंत मोजून अकरा माणसं आली. रजा मागितली होती. जाऊ दे ते.

चिऊच्या वेळी बाळंतपणाच्या रजेचे २६ आठवडे मिळाले होते. २०१७ च्या आधी खाजगीत १२ च मिळायचे, त्यामुळे तेव्हा किती नशीबवान वाटलं होतं. आता आठ वर्षांच्या लेकीसाठी कुठली रजा मागायची?

हट्ट का केला नाही तिनं? मिळेल असं वाटतं तेव्हाच लेकरू हट्ट करतं. मागून उपयोग नाही, हे तिला कळलं असेल तर? का खरंच मोठी झाली? दिवसभर हेच. माझी आईही दिवसभर दुसऱ्याच्या रानात असायची. पण बांधावरून हाक मारली की तिची ओ यायची. माझ्याकडं तर कामात फोनही उचलला जात नाही.

रानात हेंडगा, म्हणजे पेटती चूड, फिरवून आठ वाजता आली सगळी. चिऊच्या फ्रॉकला धुराचा वास, केसांत कडब्याची पात, नखांत चुना. कोपीतले, म्हणजे कडब्याच्या खोपीतले, पांडव म्हणून पूजायचे दगड यंदा तिनं रंगवले म्हणे. आल्या आल्या डबा माझ्या हातात दिला. "आजोबांच्या मागं मी पण ओरडले, वलगे वलगे सालम पलगे! आणि तुझ्या वाटची आंबील पण मीच शिंपडली, हरभऱ्यात."

माझ्या वाटची. म्हणजे रानात फिरताना मी होते तिच्या मनात, माझं काम ती करून आली होती. सकाळपासून मी रडायच्या बेतात होते, ते तिथंच थांबलं. हट्ट नाही केला, तर नाही केला. रोज संध्याकाळी मी घरी येते हे तिला ठाऊक आहे, हेही काही कमी नाही. तरी पुढच्या वर्षी परत रजा मागणार. आणि मागितली आहे हे तिला आधी सांगणार, नाही मिळाली तर तेही सांगणार.

बोलता बोलता झोपली ती. खोबरेल लावून नखं साफ केली तिची, अंगठ्याच्या कडेला थोडा चुना राहिलाच. मग ओट्याजवळ उभ्यानंच डबा उघडला. भज्जी गार, उंडा दबून चपटा झालेला. सगळं खाल्लं.