झाडं मुळांतून खरंच बोलतात का?

माझा विषय वनस्पतिशास्त्र आहे हे कळलं की पुढचा प्रश्न बहुधा हाच येतो. विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचं असतं. जमलंच तर आईझाड आपल्या रोपांना अन्न पुरवतं ही गोष्टही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मला तिथे बोलण्यापेक्षा चोरून ऐकणंच जास्त दिसतं.

आईझाडाचं आधी उरकते. वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांनी १९९७ साली कॅनडात बर्चच्या झाडांकडून डग्लस फरच्या झाडांकडे कार्बन जातो हे दाखवलं. सावलीतल्या फरला तो जास्त मिळाला. पण तो झाडांची मुळं जोडणाऱ्या बुरशीच्या जाळ्यातूनच जातो का आणि घेणाऱ्याला त्याचा कितपत उपयोग होतो, यावर अजून वाद आहे. मोठी झाडं निवडून आपल्याच रोपांना पोसतात, याला तर जंगलातल्या प्रयोगांचा आधारच नाही, असं २०२३ च्या एका आढाव्यात स्पष्ट म्हटलंय.

मला त्याहून रंजक वाटतो तो टारफुला. ज्वारी-मक्याच्या मुळांवर जगणारं हे तण. बी धुळीच्या कणाएवढं, त्यात शिदोरी जवळजवळ नाहीच. रुजल्यावर काही दिवसांत मूळ सापडलं नाही तर मेलंच. म्हणून ते वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि मुळांतून पाझरणाऱ्या स्ट्रिगोलॅक्टोन या रसायनांचा सुगावा लागला तरच रुजतं.

पण शत्रूला जागं करणारं रसायन पीक सोडतंच कशाला? याचा उलगडा २००५ साली झाला. ते असतं मायकोरायझा बुरशीसाठी. त्याने बुरशीच्या तंतूंना फाटे फुटतात, ते मुळाशी जुळतात, स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात आणि बदल्यात साखर नेतात. जमिनीत स्फुरद कमी असलं की बरीच पिकं हे रसायन जास्त सोडतात. हाक बुरशीला, धावून येतो टारफुला! नापीक जमिनीत त्याचा त्रास जास्त होतो, त्याचं हे एक कारण.

गंमत म्हणजे या गटातलं पहिलं रसायन १९६६ साली सापडलं ते कापसाच्या मुळांच्या स्रावात, आणि कापसावर टारफुला जगूच शकत नाही. कापसाच्या मुळांपाशी रुजलेलं बी उपाशी मरतं. म्हणूनच टारफुल्याने ग्रासलेल्या रानात ज्वारीच्या आधी कापूस घेतात: मातीतलं बी तेवढंच कमी होतं.