बिट्टीचं कुंपण

लातुरात मी माळी आहे ती सार्वजनिक बाग लहानशीच. आत गुलाबाचे दोन वाफे, मोगरा, जास्वंद, तगर. अन् कडेनं बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. ती मीच लावलेली.

उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथंही बिट्टी तग धरते. चीक कडू, म्हणून शेळी तोंड लावत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं शहराला प्यायचं पाणी आलं, तेव्हा बागेसाठी पाणी कोणत्या तोंडानं मागावं? जंगली खुंटावर मी स्वतः डोळे भरून केलेली गुलाबाची कलमं गेली. आधी वरची फांदी वाळली, मग खालचा जंगली खुंट. बागेत फूल उरलं ते फक्त बिट्टीचं.

परवा रविवारी संध्याकाळी एक लेकरू कुंपणाखाली बसलेलं दिसलं. बिट्टीचं फळ दगडानं फोडून आतलं बी चावत होतं. आम्हीही लहानपणी बिट्ट्या खेळलो, पण तोंडात घालायची नाही हे माय रोज बजावायची. मी बोट घालून उरलेलं बाहेर काढलं, चूळ भरवली. कुणी म्हणालं, मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. मी पाजू दिलं नाही. फळासकट फांदी पिशवीत घातली अन् मायलेकरांना ऑटोत घालून सरकारी दवाखाना गाठला. नुसतं 'कायतरी खाल्लं' सांगून भागत नाही, डॉक्टरांना झाड दाखवावं लागतं. हे विष हृदयावर जातं, ठोके मंदावतात, अन् ते लगेच कळेलच असं नाही. रात्रभर मॉनिटर लावला होता. सकाळी लेकरू हसतखेळत घरी गेलं.

निघताना त्याची आई म्हणाली, "मामा, तुम्हाला ठाऊक होतं, मग लावलं कशाला?"

पाण्याचं सांगितलं. पण सांगताना तिच्याकडं बघवलं नाही.

सोमवारी साहेबांचा फोन, सगळं कुंपण तोडा. बागेत यायला त्यांना सवड नाही. 'विषारी झाड' अशी पाटी मी दोनदा मागितली होती, मिळाली नाही. त्या जागी बोगनवेल चालेल, तिलाही पाणी कमी लागतं. पण रोप जीव धरेपर्यंत घालायला पाणी कुठून, याचं उत्तर 'नंतर बघू'.

घसरगुंडीकडची अकरा झाडं आज तोडली. चीक अंगाला लागू नये म्हणून तोंडाला रुमाल, हातात मोजे. जाळायची नाहीत, धूरही वाईट. खड्डा करून पुरली. फळं एकेक वेचून घेतली. रस्त्याकडची झाडं अजून उभी आहेत, फुलांनी भरलेली. कुऱ्हाड खोलीत ठेवून आलोय.