अहमदाबादच्या पोळांमध्ये एक सकाळ

काळुपूर स्टेशनवर रात्रीची गाडी उतरवते तेव्हा धड उजाडलेलंही नसतं. सामान क्लोकरूममध्ये टाकून मी चालतच स्वामिनारायण मंदिर गाठलं. मंदिर १८२२चं. महापालिकेचा हेरिटेज वॉक १९९७पासून इथूनच निघतो. आम्ही आठ-दहा जण होतो, आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे अहमदाबादचेच. नदीपलीकडे वाढलेले, आजोबांचं घर नेमकं कुठं होतं ते बघायला आलेले.

पोळ म्हणजे एक दरवाजा आणि त्याच्या आतली गल्ली. शब्द ‘प्रतोली’वरून आलाय, म्हणजे वेस. दरवाजावर रखवालदाराची खोली, आत शिरताच काळा फळा. त्या दिवशी फळ्यावर खडूनं कुणाच्या तरी ‘बेसणा’ची वेळ लिहिली होती. शोकसभेची. पुढं नक्षीदार खांबावर चबुतरा, त्यावर पारव्यांची झुंबड. मला पुण्याचे बोळ आठवले. पण आपल्या वाड्यांचं काय केलं तेही आठवलं आणि तुलना तिथंच सोडली.

मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर आमचा गाईड मिश्कील हसला. १७५८पासून १८१७पर्यंत या शहराचा महसूल पेशवे आणि गायकवाड वाटून घेत होते. ‘दोघांनाही द्यावा लागायचा,’ असं त्यानं मुद्दाम माझ्याकडं बघून सांगितलं.

पुढं पोळांतले लोक सोसायट्या-बंगल्यांकडं गेले आणि मागं राहिलेल्या घरांची गोदामं झाली. २००१च्या भूकंपात मात्र नदीपलीकडच्या कित्येक नव्या इमारती पत्त्यांसारख्या बसल्या आणि विटांच्या भिंतींत सागवानी तुळया गुंफलेली इथली बरीचशी घरं तग धरून राहिली. २०१७मध्ये युनेस्कोनं जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, भारतातलं पहिलं शहर. त्यानंतर हवेल्यांची हॉटेलं झाली, कॅफे आले. एका हवेलीत मी चहा घेतला. तुळया पॉलिश केलेल्या, झोपाळा पितळी कड्यांचा, सगळं देखणं. फक्त झोपाळ्यावर बसायची कुणाची हिंमत होईना.

खरं घर दोन गल्ल्या सोडून सापडलं. दारात भाजी निवडत बसलेल्या बेन म्हणाल्या, ‘आवो ने, अंदर आवो.’ आत चौक, आणि चौकातल्या फरशीत एक लोखंडी झाकण. खाली टांकं, म्हणजे घराखालची चुन्यानं लिंपलेली पाण्याची टाकी. पहिला पाऊस वाहून जाऊ द्यायचा, मग छपराचं पाणी नळीवाटे आत घ्यायचं. बेननी झाकण सरकवलं आणि भिंतीवरचा छोटा आरसा काढून चौकातलं ऊन त्यावर झेललं. कवडसा खाली गेला, हलला, आणि एकदम काळ्या पाण्यावर थरथरायला लागला. तळ दिसत होता. तांब्याभर पाणी काढून दिलं त्यांनी. गार होतं, चव कसलीच नाही.

शेजारच्या घराला कुलूप होतं, खिडकीतून कापडाचे गठ्ठे दिसत होते. ते का दुरुस्त होत नाही, विचारलं. घर दुरुस्त करणाऱ्याला टीडीआर, म्हणजे दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क मिळतो, तो विकून खर्च भागवता येतो, हे त्यांना पाठ होतं. ‘पण सही कोण करणार? वारस किती आहेत ते त्यांनाच माहीत नाही!’

वॉक जामा मशिदीशी संपतो. मशीद १४२४ची. तिथं इतरांना गाठलं तेव्हा गाईड माझी हजेरी घेत उभा होता.

निघताना बेन म्हणाल्या होत्या, उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना या, आमची गच्ची सगळ्यात उंच आहे. मी भाबडेपणानं हो म्हटलं. लगेच वरच्या मजल्याकडं बघून त्यांनी हाक मारली, ‘बेटा, एमने भाव कही दे!’

जानेवारीत या गच्च्या भाड्यानं जातात, हे मला तेव्हा कळलं. उंधियू त्यात धरलेलं असतं.