अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी भरलेली डिस्क

सकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी वाशीच्या फळबाजारातून फोन आला. आंब्याचे घाऊक व्यापारी. हापूसच्या पेट्या थेट घरी पोचवण्यासाठी त्यांची वेबसाइट आहे आणि ती आम्ही सर्व्हरसकट सांभाळतो. "अहो, साइट उघडतेय, आंबे दिसतायत, पण ऑर्डर आत जातच नाहीये. नुसतं गोल फिरतंय."

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. पितरांना आंबा दाखवल्याशिवाय खायचा नाही, ही रीत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. त्यामुळे वर्षातल्या सगळ्यात जास्त ऑर्डरी त्यांना याच दिवशी येतात आणि ठाण्याकडचा पहिला टेम्पो साडेनऊला सुटतो. हाताशी तीन तास होते.

सर्व्हर अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे त्यांच्या मुंबईतल्या क्लाउडवर भाड्याने घेतलेलं मशीन. प्रकार टी3 मीडियम, म्हणजे 2 व्हर्च्युअल सीपीयू आणि 4 जीबी मेमरी. 30 जीबीची एकच जीपी3 (एसएसडी प्रकारची) डिस्क. त्यावर उबुंटू 22.04 (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम), एन्जिनएक्स (पानं पाठवणारा वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (साइटचा पीएचपी कोड चालवणारा) आणि मायएसक्यूएल 8 (डेटाबेस), सगळं एकाच मशीनवर. एवढ्या धंद्याला ते पुरतं, हे माझं मत आजही कायम आहे.

ऐरोलीतल्या घरूनच आधी कन्सोल (क्लाउडचं नियंत्रणाचं वेबपान) उघडला. सगळे स्टेटस चेक हिरवे. सीपीयू 4 टक्के. नेटवर्क नेहमीपेक्षा कमी. इथेच बरेच जण फसतात. सीपीयू शांत दिसला म्हणजे मशीन ठणठणीत, असं नसतं. कामं कशाची तरी वाट पाहत थांबलेली असतील तरीही सीपीयू शांतच दिसतो. आणि क्लाउडवॉच (अ‍ॅमेझॉनची देखरेखीची सेवा) आपण होऊन जे दाखवतो त्यात सीपीयू, नेटवर्क, डिस्कवरची लिहा-वाच, स्टेटस चेक असलंच बाहेरचं असतं. डिस्क किती भरली आणि मेमरी किती वापरली, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतलं गणित आहे. ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी मशीनवर क्लाउडवॉच एजंट हा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. आम्ही तो या सर्व्हरवर बसवला नव्हता. चूक सर्वस्वी आमची.

एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने, आत गेलो. लॉगिन झालं, पण फोल्डरचं नाव पुरं करायला टॅब दाबला तर बॅशने (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामने) तक्रार केली: तात्पुरती फाइल बनवता येत नाही, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. ही ओळ दिसली की पुढचा अर्धा तपास झालाच म्हणून समजा. डिस्क किती भरली ते सांगणारं 'डीएफ -एच' चालवलं: रूट डिस्क 29 जीबी, वापर 29 जीबी, शिल्लक 0. 'डीएफ -आय' पण लगेच पाहून घेतलं, कारण लाखो बारीक सेशन फाइल्स (गिऱ्हाइकाच्या भेटीची तात्पुरती माहिती) साठल्या की जागा असूनही आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपतात आणि तक्रार हीच येते. आयनोड जेमतेम 11 टक्के वापरलेले. म्हणजे जागाच संपली होती.

मग साइट उघडत कशी होती? मुखपृष्ठ आणि आंब्यांची यादी ही रात्री एकदा बनवून ठेवलेली एचटीएमएल पानं आहेत. एन्जिनएक्स ती थेट वाढतो, त्यात पीएचपी नाही की डेटाबेस नाही. गिऱ्हाईक टोपलीत पेटी टाकतं तिथून पुढे सगळं मायएसक्यूएलमध्ये लिहायचं असतं.

आणि जागा संपल्यावर मायएसक्यूएल बंद पडत नाही, थांबून राहतो. त्याच्या एरर लॉगमध्ये शेवटची ओळ हीच होती: बिनलॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) लिहिताना डिस्क भरली, कोणीतरी जागा मोकळी करण्याची वाट पाहतोय, 60 सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करीन, हा संदेश पुन्हा 600 सेकंदांनी छापीन. पहिली अशी ओळ पहाटे 5 वाजून 52 मिनिटांची. म्हणजे जवळजवळ तासभर प्रत्येक कमिट (बदल पक्का करण्याची पायरी) तिथेच रांगेत उभं होतं.

त्याच्यामागे पीएचपी अडकलं. आम्ही एफपीएमचे 20 वर्कर, म्हणजे एका वेळी एकेक विनंती हाताळणाऱ्या प्रोसेस, ठेवले आहेत. वीसच्या वीस वर्कर मायएसक्यूएलच्या उत्तराची वाट पाहत बसले. 60 सेकंदांनी एन्जिनएक्स कंटाळून 504, म्हणजे 'वेळ संपली' ही चूक, देतो, पण पीएचपी सुटत नाही. पीएचपीची 30 सेकंदांची कमाल वेळमर्यादा इथे कामाला येत नाही, कारण लिनक्सवर डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबलेला वेळ त्या मर्यादेत मोजलाच जात नाही. मोजायचा असेल तर एफपीएमच्या पूलमध्ये (वर्करांच्या सेटिंगमध्ये) 'रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट' द्यावा लागतो. तो मुळात शून्य असतो, म्हणजे बंद. आमच्याकडेही बंदच होता.

तेवढ्यात सोबतचा मुलगा फोनवर म्हणाला, "दादा, रीबूट मारू का?" मी त्याला थांबवलं. डिस्क ठासून भरलेली असताना मायएसक्यूएल बंद करणं धोक्याचं आहे. अडकलेल्या कमिटांमुळे आधी तो नीट बंदच होत नाही. जबरदस्तीने बंद केला तर पुन्हा सुरू होताना त्याला तात्पुरती टेबलस्पेस (तात्पुरत्या डेटाची फाइल) नव्याने बनवायची असते आणि बिनलॉगची नवी फाइलही उघडायची असते. जागा शून्य असली की तो उठत नाही. मग थांबलेल्या डेटाबेसऐवजी बंद पडलेला डेटाबेस पदरात पडतो.

म्हणून आधी कन्सोलवरून डिस्कचा स्नॅपशॉट (जशीच्या तशी प्रत) सुरू केला. तो पुरा व्हायला वेळ लागतो, पण पकडली जाते ती सुरू केल्या क्षणाची स्थिती. त्यामुळे तो 'पेंडिंग' असतानाच पुढचं काम करायला हरकत नसते.

मग जागा नेमकी कुठे गेली ते शोधलं. फाइलींचे आकार मोजणारं 'डीयू' रूटपासून (सगळ्यात वरच्या फोल्डरपासून) चालवलं, त्याच फाइलसिस्टिमपुरतं राहण्यासाठी '-एक्स' लावून. बेरीज आली 19.6 जीबी. डीएफ म्हणतं 29, डीयू म्हणतं 19.6. साडेनऊ जीबी कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नव्हते. असा फरक दिसला की पहिला संशय एकच घ्यायचा: कोणीतरी फाइल पुसली आहे, पण एखादी प्रोसेस ती अजून उघडी धरून बसली आहे. लिनक्समध्ये 'आरएम' फक्त नाव काढतं. शेवटची प्रोसेस फाइल सोडत नाही तोवर जागा सुटत नाही.

'एलसॉफ +एल1' चालवलं, म्हणजे ज्या उघड्या फाइलींना आता नाव उरलेलं नाही त्यांची यादी. एकच मोठी ओळ आली: एसएमएस पाठवणारा रांगेतला वर्कर, फाइल डिस्क्रिप्टर (प्रोसेसने उघडलेल्या फाइलचा क्रमांक) 7, आकार 9.4 जीबी, शेवटी 'डिलीटेड'. उलगडा झाला. एका तक्रारीच्या शोधासाठी त्या वर्करचा डीबग लॉग (बारीकसारीक नोंदींची फाइल) चालू केला होता आणि तो तसाच राहिला. प्रत्येक एसएमएसचं अख्खं उत्तर त्यात उतरत होतं. आदल्या संध्याकाळी लॉग मोठा झालेला पाहून आमच्यातल्याच एकाने तो 'आरएम' केला आणि डीएफ न पाहता घरी गेला. फाइल बिननावाची झाली आणि रात्रभर वाढत राहिली.

वर्कर रीस्टार्ट केला असता तरी जागा सुटली असती. पण तो स्वतःच डेटाबेसपाशी अडकलेला होता आणि त्याच्या हातात अर्धवट काम होतं. म्हणून प्रोसेस तशीच ठेवून 'प्रॉक'मधून (चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधून) त्या डिस्क्रिप्टरवर रिकामं लिहिलं. एक अपूर्णविराम (कोलन), एक मोठं-पेक्षा चिन्ह, आणि प्रॉक, प्रोसेसचा क्रमांक, एफडी, 7 असा पत्ता. फाइल अपेंड पद्धतीने उघडलेली असेल तर ती शून्यापासून पुन्हा वाढू लागते. तशी नसेल तर आकडा मोठाच दिसत राहतो, पण मधली जागा पोकळ असते. दोन्ही बाबतींत डिस्क मोकळी होते.

डीएफने 9.4 जीबी शिल्लक दाखवले. वेळ 7 वाजून 21 मिनिटं. साइट मात्र अजून अडकलेलीच. इथे घाई करून काहीतरी रीस्टार्ट करण्याचा मोह होतो. पण मायएसक्यूएल मिनिटातून एकदाच जागा तपासतो, म्हणून हात बाजूला ठेवून घड्याळाकडे पाहत बसलो. चाळीस-एक सेकंदांनी लोड एकदम वर गेला, प्रोसेसलिस्टमधली रांग खाली उतरली आणि ऑर्डरच्या टेबलमध्ये नोंदी पडू लागल्या.

पाच मिनिटांत फळबाजारातून पुन्हा फोन. "चिठ्ठ्या निघतायत, पण एकाच बाईंच्या तीन-तीन निघतायत." हे मला आधीच सुचायला हवं होतं. गिऱ्हाइकाने 504 पाहून पुन्हा बटण दाबलं, परत दाबलं. एन्जिनएक्सने जोडणी सोडली तरी विनंती एफपीएमच्या रांगेत पडूनच राहते. वर्कर मोकळे झाले तसे त्यांनी रांगेतली एकेक विनंती इमानाने पुरी केली. पैसे घरपोच दिल्यावर घेतले जात असल्याने कुणाच्या खात्यातून दोनदा रक्कम गेली नाही, पण पेट्या मात्र दोनदा बांधल्या गेल्या असत्या. एक क्वेरी लिहिली: तोच मोबाइल, तोच पत्ता, तीच पेटी, 5 वाजून 50 मिनिटांनंतरची नोंद. 61 नोंदींमधून खऱ्या 34 निघाल्या. ज्या चारांबद्दल शंका होती (एका घरात दोन पेट्या खरंच हव्या असू शकतात), त्यांना गोदामातून फोन करून विचारलं. टेम्पो साडेनऊऐवजी 10 वाजून 5 मिनिटांनी सुटला.

लॉगचा पसारा आटोपला, तरी मायएसक्यूएलच्या फोल्डरमध्ये 9.8 जीबी होते आणि त्यातले 7 जीबी नुसते बिनलॉग, 100 एमबीची एकेक फाइल. मायएसक्यूएल 8 मध्ये बिनलॉग मुळातच चालू असतो आणि 25,92,000 सेकंद, म्हणजे 30 दिवस, ठेवला जातो. एवढा फुगायचं कारण आमची मांडणी. सेशन डेटाबेसमध्येच ठेवले होते. गिऱ्हाइकाची प्रत्येक टिचकी म्हणजे सेशनच्या ओळीत एक बदल, आणि रो पद्धतीच्या बिनलॉगमध्ये बदलाआधीची पूर्ण ओळ आणि बदलानंतरची पूर्ण ओळ अशा दोन्ही उतरतात, टोपलीतल्या मालासकट. हंगामात गर्दी वाढली तसा तो फुगत गेला.

या फाइली कधीही 'आरएम'ने काढू नयेत. त्यांची यादी मायएसक्यूएलच्या इंडेक्स फाइलमध्ये असते आणि यादी एक, फाइली दुसऱ्या असं झालं की पुढची साफसफाई अडते. 'पर्ज बायनरी लॉग्ज बिफोर' ही आज्ञा वापरून तीन दिवसांपूर्वीचे काढले. रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या मशीनवरची चालती प्रत) असती तर ती कुठपर्यंत वाचून झाली आहे ते आधी पाहिलं असतं. मग मुदत 2,59,200 सेकंद, म्हणजे तीन दिवस, 'सेट पर्सिस्ट'ने कायम केली. वापर 14 जीबीपर्यंत उतरला.

दुपारी डिस्क 30 ची 40 जीबी केली. ईबीएसची (अ‍ॅमेझॉनच्या डिस्क-सेवेची) डिस्क वाढवता येते, पण लहान करता येत नाही, म्हणून उगाच 100 केली नाही. कन्सोलमध्ये आकार बदलून काम संपत नाही. डिस्क 'ऑप्टिमायझिंग' स्थितीत आली की आत जाऊन आधी 'ग्रोपार्ट'ने पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) वाढवायचं, मग फाइलसिस्टिम एक्स्ट4 प्रकारची असेल तर 'रिसाइझ2एफएस'ने तीही. ग्रोपार्टला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा आकडा मधे मोकळी जागा सोडून द्यायचा असतो. जोडून लिहिला की चूक येते. आणखी एक: डिस्क पूर्ण भरलेली असताना ग्रोपार्टही अडतो, कारण त्याला टेम्प फोल्डरमध्ये चिमूटभर जागा लागते. तेव्हा टेम्पवर 10 एमबीचा टेम्पएफएस (मेमरीतली तात्पुरती डिस्क) माउंट केला, म्हणजे जोडला, की वाट मोकळी होते.

त्याच आठवड्यात सेशन रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) हलवले. ऑर्डरच्या फॉर्मबरोबर एक टोकन (त्या फॉर्मचा वेगळा क्रमांक) जाऊ लागलं आणि टेबलमध्ये त्या टोकनवर युनिक की, म्हणजे तेच टोकन दुसऱ्यांदा न घेण्याची अट, घातली. बटण दहा वेळा दाबलं तरी नोंद एकच. लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग बाजूला काढणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'साइज 100 एमबी' लिहिलेलं होतं, पण लॉगरोटेट स्वतः दिवसातून एकदाच चालतो, म्हणून रात्रीत फुगणारी फाइल त्याच्या हाती लागत नाही. या एका लॉगसाठी तो दर तासाला चालवला. एफपीएमला 90 सेकंदांची मर्यादा दिली.

मायएसक्यूएलला स्वतंत्र डिस्क हंगाम संपल्यावर एका रात्री दिली, म्हणजे लॉग कितीही वाढला तरी डेटाबेसचा श्वास कोंडणार नाही. नवी डिस्क मुद्दाम जुन्याच जागी, मायएसक्यूएलच्या मूळ फोल्डरवर माउंट केली. दुसरा पत्ता दिला असता तर उबुंटूचं अ‍ॅपआर्मर (प्रोग्रामांना ठरावीक फोल्डरांपुरतं ठेवणारी सुरक्षा) आडवं आलं असतं. एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) यूयूआयडी (डिस्कची कायमची ओळख) आणि 'नोफेल' न विसरता लिहिलं. 'नोफेल' नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल, तर मशीन बूटच पुरं करत नाही आणि एसएसएचही मिळत नाही.

क्लाउडवॉच एजंट मात्र साइट अडकली त्याच दिवशी संध्याकाळी बसवला. मशीनला आयएएम रोल (अ‍ॅमेझॉनच्या सेवा वापरण्याची परवानगी) दिला, डिस्क आणि मेमरीचे टक्के दर मिनिटाला पाठवायला लावले. डिस्क 75 टक्क्यांवर गेली की पहिला इशारा, 85 वर दुसरा. सकाळी सहाला ईमेल कोण पाहणार, म्हणून दुसरा इशारा टेलिग्रामवरही जातो, माझ्याकडे आणि त्या मुलाकडे.

रात्री साडेदहाला गर्दी ओसरल्यावर त्या मुलाला म्हटलं, आता मुद्दाम डिस्क भर. त्याने 'फॅलोकेट'ने 17 जीबीची रिकामी फाइल बनवली. डीएफ 80 टक्के. सहाव्या मिनिटाला इशारा आला. आणखी 3 जीबी टाकले, तेव्हा दोघांचे फोन वाजले. मग त्याने दोन्ही फाइली पुसल्या आणि या वेळी न सांगता लगेच डीएफ चालवून पाहिलं.