लेकीची पहिली रायफल

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, हरणांच्या शिकारीचा रायफल सीझन उघडतो. यंदा माझी १४ वर्षांची लेक सोबत येणार आहे. हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचा, कोर्स तिने उन्हाळ्यातच पूर्ण केला. प्रश्न उरला रायफलचा.

माझ्याकडे .३०८ कॅलिबरची रायफल आहे (कॅलिबर म्हणजे गोळीच्या जाडीचं इंचातलं माप). मित्र म्हणाले, तीच दे, सवय होईल. मी रेंजवर एक करून पाहिलं. तिच्या नकळत मॅगझिनमध्ये भरलेल्या काडतुसांत एक खोटं काडतूस घातलं. तिने चाप ओढला, नुसतंच खट्ट झालं, पण नळी चांगली दोन बोटं खाली गेली. धक्क्याच्या भीतीने पोरगी आधीच दचकत होती. आता अशा हाताने हरणावर बार काढला, तर गोळी पोटात लागणार आणि ते जनावर रात्रभर झुडपात तडफडणार. ते मला कदापि चालणार नाही.

म्हणून .२४३ घेतली. .३०८ च्याच काडतुसाची मान आवळून १९५५ साली हे काडतूस आलं. धक्का बराच कमी, आणि १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी पुढच्या पायामागे, फुप्फुसात बसली की इथल्या व्हाइटटेल हरणाला पुरते. मात्र याच कॅलिबरच्या ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्याही मिळतात. त्या ग्राउंडहॉगसारख्या छोट्या जनावरांसाठी. हरणावर त्या वरच्या वरच फुटतात, आत जात नाहीत. पेटीवरचा आकडा वाचूनच घ्या.

आजोबांकडे दापोलीजवळच्या गावी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांसाठी. एक बार, मग पुन्हा ठासा. त्यामुळे आजोबा जनावर अगदी जवळ येईपर्यंत थांबायचे. ते थांबणं मी लेकीला आधी शिकवलं.

नव्या रायफलवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, दुकानातूनच बसवून आणला होता. पहिल्या दिवशी २५ यार्डांवर गोळ्या दोन इंच खाली आणि एक इंच डावीकडे. आमच्या स्कोपच्या टरेटचा (नेम सरकवायच्या चकतीचा) एक क्लिक १०० यार्डांवर नेम पाव इंच सरकवतो, म्हणजे २५ यार्डांवर इंचाला १६ क्लिक. ३२ वर, १६ उजवीकडे. बरोबर मध्यावर आलं. मग १०० यार्डांवर गेलो, तर तीन गोळ्या तीन दिशांना! तासभर मी टरेट फिरवत राहिलो, २० काडतुसं वाया घालवली. शेवटी स्कोपला हात लावून हलवला, तर तो चक्क हलला. स्कोप रायफलवर ज्या बेसवर बसतो, त्याचे स्क्रू ढिले होते. ते आधी तपासायला हवे होते.

स्क्रू घट्ट केले, पुन्हा २५ पासून सुरुवात केली. वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून लेकीने स्वतः नेम धरला. दर तीन गोळ्यांनंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबलो. संध्याकाळी १०० यार्डांवर तिच्या तीन गोळ्या दीड इंचात बसल्या, फुलीच्या मध्याला धरून. २०० वर हीच गोळी साधारण चार इंच खाली जाईल, पण आमच्या ओकच्या रानात ८० यार्डांपलीकडे दिसतंच कुठे? आणि तेवढ्या लांबचा बार आम्ही काढणारच नाही.

त्याच पेटीतली ११ काडतुसं बाजूला ठेवली आहेत. दुसऱ्या कंपनीची गोळी दुसरीकडेच लागते. सीझनच्या आधीच्या आठवड्यात पहाटे जाऊन थंड नळीतून फक्त एक गोळी झाडायची आहे, कारण रानातली पहिली गोळी थंड नळीतूनच निघते.